नव्वद सेकंदांचा नारळ

मैदानावर सत्य एकदाच घडतं, आणि ते घडताना टिपणं हे कॅमेऱ्याचं व्रत आहे.

आमच्या ‘खान्देश मैदान’ या क्रीडावाहिनीच्या उद्घाटनपत्रिकेवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत छापलं होतं. ते मीच लिहिलं होतं. तेव्हा माझ्या पाठीशी लग्नांच्या शूटिंगचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आणि लग्नात सत्य गरजेप्रमाणे दोनदा-तीनदाही घडवतात. हार घालताना कुणाचा मामा आडवा आला की मी म्हणायचो, “हार काढा, परत घाला.” लोक काढायचे, परत घालायचे. पारोळ्याच्या एका लग्नात भटजी अडून बसले. म्हणाले, “सप्तपदी एकदाच होते.” मी म्हणालो, “मग शेवटची दोनच पावलं घ्या.” घेतली.

अमळनेरच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो, त्यामुळे कॅमेरा हातात घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लग्नांच्या मोसमाबाहेर वाचनालयात बसायचो. सत्य म्हणजे काय यावर मी बरंच वाचलं आहे. कॅमेरा कुठे लावावा हे त्यात कुणीच सांगितलेलं नाही.

जळगावचे पारसभाऊ मला या धंद्यात घेऊन आले. त्यांच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले. पारसभाऊंनी पाइप भावांवर सोडून केबलचा धंदा काढला होता, आणि तो बसत चालला होता. घरोघरी मोबाइल आला होता. एक दिवस ते माझ्या स्टुडिओत आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, “भाऊ, आपण स्पोर्ट्स चॅनल काढू.”

“कशावर?”

“आधी मोबाइलवर. चाललं तर टीव्हीवर.”

“जग उलटं करतं, पारसभाऊ. आधी टीव्ही, मग मोबाइल.”

“जगाकडे पैसे असतात,” ते म्हणाले.

बड्या शहरांतल्या कंपन्यांनी मोठमोठे शब्द वापरून पुढे जे केलं, ते आम्ही टीव्ही परवडत नाही म्हणून केलं. गावोगावचे टेनिस बॉलचे सामने, कबड्डी, यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली, जे कुणी दाखवत नव्हतं ते दाखवायचं. उद्घाटन पाइपांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झालं. पाहुण्यांना बसायला पाइपांच्या गुंडाळ्या होत्या.

बाहेरच्यांसाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. मैदानाच्या कडेला बांबूचं मचाण बांधायचं, त्यावर कॅमेरा. कॅमेऱ्यातून वायर खाली लॅपटॉपला. लॅपटॉपला एक डबी, डबीत वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार सिमकार्डं, कारण कोणत्या गावात कोणती कंपनी जिवंत असेल ते सांगता येत नाही. तिथून चित्र इंटरनेटवर जातं आणि फिरून लोकांच्या मोबाइलवर येतं. या फेरफटक्याला आमच्याकडे साधारण पस्तीस सेकंद लागायचे. म्हणजे लोक ज्याला लाइव्ह म्हणतात, ते पस्तीस सेकंदांपूर्वी होऊन गेलेलं असतं.

या पस्तीस सेकंदांनी खेळच बदलला. भुसावळकडच्या एका सामन्यात धावचीत होता की नव्हता यावरून वाद पेटला. पंच गावचेच, शाळेतले गुरुजी. त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, “थांबा. येऊ द्या.” दोन्ही संघ, गोलंदाज, फलंदाज आणि पाचसहाशे माणसं, झालेली गोष्ट होण्याची वाट बघत उभी राहिली. पुढे तो रिवाजच पडला. वाद झाला की पंच मचाणाकडे नाही, खिशाकडे बघायचे.

रावेरला केळीच्या एका व्यापाऱ्यानं स्पर्धेला बक्षिसं दिली. त्याची अट एकच: त्याचा नवा ट्रॅक्टर चित्रात कायम दिसला पाहिजे. तेव्हा सीमारेषाच वळवून ट्रॅक्टर आत घेतला. तिसऱ्या षटकात चेंडू टपावर आदळला. चौकार की षटकार, यावर व्यापारी म्हणाला, “डेंट बघून ठरवा.” षटकार दिला.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती एक चूक. ती माझी आहे आणि ती फक्त माझ्यासारखा माणूसच करू शकतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावी यात्रेची दंगल होती. आमच्याकडे कॅमेरा एकच, मचाणावर मी. दुपारी मुलींच्या कुस्त्या लागल्या. त्यातली शेवटची, दीपाली विरुद्ध स्नेहल. दीपाली शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातली. वडील रतनआबा दोंडाईच्याजवळ एका जिनिंगमध्ये कपाशीच्या हंगामात कामाला. स्नेहल भुसावळची, वडील रेल्वेत. तिनं राज्य पातळीवर पदक मिळवलेलं, त्यामुळे लोक तिच्या बाजूनं बघत होते.

कुस्ती पाच-सहा मिनिटं चालली. सुरुवातीला स्नेहलनं दीपालीला एकदा कमरेएवढं उचललंही. मग दोघी वाकून हाताला हात लावून उभ्या राहिल्या. कुस्तीत ही वेळ दिसायला कंटाळवाणी आणि प्रत्यक्षात सगळ्यांत महत्त्वाची असते. नेमकं तेव्हा माइकवरून आयोजक गरजले, “शूटिंगवाले भाऊ! कॅमेरा इकडे! साहेब आले!”

एक माजी पदाधिकारी आले होते. शाल, श्रीफळ, सत्कार. पंचवीस वर्षं माझ्या मनगटात एकच सवय मुरलेली: माइकवरून हाक आली की कॅमेरा हाराकडे. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मनगटानं केला. कॅमेरा व्यासपीठाकडे वळला. मी शाल टिपली, फेटा टिपला, नारळ या हातातून त्या हातात जाताना टिपला. मागे डफ एकदम चढला, माणसं उठली, कुणीतरी ओरडलं, “चीत! चीत!” मी नारळावर होतो. नंतर ते रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. साहेबही कुस्तीच बघत होते. हातात नारळ आणि मान डावीकडे. अख्ख्या मैदानात नारळाकडे बघणारा मी एकटा होतो.

नव्वद सेकंद. कॅमेरा परत वळवला तेव्हा दीपालीचा हात पंचांनी वर केलेला होता आणि स्नेहल पाठीवरची माती झटकत होती.

तिसऱ्या दिवशी रतनआबा जळगावला आले. दुकानाच्या मागच्या खोलीत, पाइपांच्या गुंडाळीवर न बसता उभेच राहिले. डोक्याच्या टोपीत कापसाचे तंतू.

“भाऊ, मनी पोरनी कुस्ती तुमना चॅनलवर व्हती,” ते म्हणाले. “माले सुट्टी नही भेटनी. जिनिंगमा बठ्ठा जन मोबाइलवर दखी राहयंतात. पोर खाले वाकनी, तठलोंग दखायनं. मंग नारय.”

“मंग?” पारसभाऊंनी विचारलं.

“मंग नारयच.”

मी म्हणालो, “आबा, आवाज सगळा आहे. चीत म्हणताना स्पष्ट ऐकू येतं.” हे वाक्य बोललो याची आजही लाज वाटते.

“भाऊ, आवाज आयकीसन पोरले कोन लई?”

मग त्यांनी कागद काढला. पुण्याकडच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राचा अर्ज होता. राहणं, खुराक, शिक्षण सगळं केंद्राकडे. निवडीआधी तीन पूर्ण कुस्त्यांचे व्हिडिओ मागितलेले, त्यातली एक तरी पदकवाल्या मुलीवर जिंकलेली हवी. दीपालीच्या तीन होत्या. तिसरी माझ्याकडे होती, म्हणजे नव्हती. अर्जाला आठ दिवस उरले होते, आणि पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली जाणार होती.

जाताना आबांनी दारात थांबून विचारलं, “भाऊ, तुम्ही पहिले लगीनन्या शूटिंगा करेत का?”

“हो.”

“मंग बरोबर शे,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना कारण सापडलं होतं, एवढंच.

पारसभाऊ व्यापारी माणूस. त्यांनी लगेच तोड काढली: दोघी मुलींना परत बोलवू, तोच आखाडा, तेच कपडे, पाच मिनिटांत कुस्ती परत खेळवू. मला हे पटलं, हे मी लपवणार नाही. हार काढा, परत घाला. मीच दीपालीला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका,” ती म्हणाली, “ती परत चीत कशाला होईल?”

तत्त्वज्ञानाचे माझे सगळे पेपर त्या एका प्रश्नात नापास झाले.

मग शोध सुरू झाला. मैदानात हजारभर मोबाइल होते, कुणाकडे तरी असेल. विचारत गेलो तेव्हा कळलं की आखाड्याच्या कडेचे बरेच जण मोबाइलवर आमचंच प्रक्षेपण बघत होते. आखाडा तोंडासमोर, पण मोबाइलवर जवळून दिसतं. त्यांनाही नारळच दिसला होता, तोही पस्तीस सेकंद उशिरा. एकानं सेल्फी दिली. तिच्यात त्याच्या कानामागे दोन पाय होते. कुणाचे ते सांगता येत नव्हतं.

शेवटी त्या दिवशीचे पंच म्हणाले, “भुसावळच्या नानांकडे असेल. पण ते देतील असं नाही.”

नाना म्हणजे स्नेहलचे आजोबा. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. ते नातीची प्रत्येक कुस्ती मोबाइलवर घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण एकच होती. स्नेहलनंही त्याच केंद्रात अर्ज केला होता. म्हणजे मला त्यांच्याकडे जाऊन सांगायचं होतं: तुमची नात हरल्याचा पुरावा द्या, तिच्या जागेवर दुसरी जाणार आहे.

मी गेलो. क्वार्टरच्या पुढच्या अंगणात नाना खुर्ची टाकून बसले होते. मी कोण, हे सांगायची गरज पडली नाही.

“तुम्ही ते नारळवाले ना?”

“हो.”

“तुमचा कॅमेरा व्यासपीठाकडे फिरला तेव्हाच मी शेजारच्याला म्हणालो, यांनी लाल सिग्नल ओलांडला.” त्यांनी मला खुर्ची दिली. “गार्डचं काम माहीत आहे का? सगळी गाडी पुढे बघते. आपण मागे बघायचं.”

मी आलो त्याचं कारण सांगितलं. स्नेहल दारात उभी होती, खांद्यावर टॉवेल. बाहेर लाइनवर गाडी जात होती. ती संपेपर्यंत नाना डबे मोजत असावेत, ओठ हलत होते.

“हरलेल्या कुस्त्या मी सगळ्या ठेवतो,” ते म्हणाले. “जिंकलेल्या पुसतो. मोबाइलमध्ये जागा पुरत नाही, आणि जिंकलेल्यात शिकण्यासारखं काही नसतं. पण ही तिची आहे. तिला विचारा.”

मी मान वर केली. सतरा वर्षांची मुलगी आणि पन्नाशी गाठलेला मी. मी विचारण्याआधी तीच म्हणाली, “देऊन टाका नाना. हरले ते हरलेच ना.” मग माझ्याकडे वळून, “पण पूर्ण पाठवा काका. पहिल्यापासून. मी तिला उचललं होतं, ते कापू नका.”

“नाही कापणार.”

“आणि चॅनलवर टाकू नका,” नाना म्हणाले. “घरातली गोष्ट आहे.”

तो व्हिडिओ मी घरी येऊन बघितला. हात न हलता घेतलेला, सरळ, पहिल्या सलामीपासून शेवटपर्यंत. दीपालीनं ढाकेचा डाव टाकून तिला चीत केलं तो क्षण त्यात स्वच्छ होता. आपली नात पाठीवर पडत असताना त्या म्हाताऱ्यानं मोबाइल तसूभरही हलवलेला नव्हता. मी हा व्यवसाय पंचवीस वर्षं करत होतो.

व्हिडिओ गेला. दीपालीची निवड झाली. स्नेहलची त्या वर्षी झाली नाही. ती या व्हिडिओमुळे नाही झाली की आणखी कशामुळे, मला ठाऊक नाही. भुसावळला जाऊन विचारायला हवं होतं. भुसावळ जळगावपासून अर्ध्या तासावर आहे. मी गेलो नाही. नारळाची चूक मनगटाची होती, ही मात्र पूर्ण माझी.

इकडे वाहिनी वाढत होती. पारसभाऊंचा एक सिद्धांत होता: “लोक मोबाइल बघतात, पण मान टीव्हीला देतात.” तो खरा ठरला. आधी आमच्याच केबलवर, मग धुळ्याच्या, मग नंदुरबारकडच्या केबलवाल्यांनी आमचं प्रक्षेपण उचललं. ज्या आयोजकांनी मोबाइलच्या काळात मचाणाला बांबू दिले नव्हते, ते टीव्हीवर आल्यावर जेवायला थांबवू लागले. दुकानामागच्या खोलीत काचेचं टेबल आलं, त्यामागे जाणकार बसून काल झालेल्या कबड्डीची चर्चा करू लागले. ठिबकच्या, रोपांच्या, सोन्याच्या जाहिराती आल्या. पारसभाऊंनी व्हिजिटिंग कार्डावर ‘नेटवर्क’ हा शब्द छापला. पाइप मात्र तिथेच राहिले. चर्चा रंगात आली की मागून कुणीतरी तीन इंची एल्बो मागायचं.

एका कॅमेऱ्याचे चार झाले. दोन आखाड्यावर, एक गर्दीवर, एक खास व्यासपीठासाठी. मी मचाणावरून खाली उतरलो आणि एका मोटारीत, चार पडद्यांसमोर जाऊन बसलो. पुढ्यात चार बटणं. जे बटण दाबेन ते चित्र घरोघर जातं. पारसभाऊंना वाटलं, आता नारळाचा प्रश्न मिटला. मला तो तेव्हा खरा कळला. कॅमेरे कितीही आणा, एका वेळी बाहेर जाणारं चित्र एकच असतं. बाकीची तीन न घडलेली.

दोन वर्षांनी त्याच गावी तीच यात्रा. या वेळी दीपाली पाहुणी होती. केंद्रात जाऊन तिनं दोन पदकं आणली होती, गावकऱ्यांनी सत्कार ठेवला होता. रतनआबा पुन्हा नव्हते. यात्रा तीच, कपाशीचा हंगामही तोच, सुट्टी नाही. पण जिनिंगच्या ऑफिसात मालकानं टीव्ही लावला होता, त्यावर आमची वाहिनी लागायची. सकाळीच आबांचा फोन आला होता. “भाऊ, दुपारले मशीन दहा मिनिट बंद ठेवनार शेतस मालक. बठ्ठा ऑफिसमा बसनार. यंदा नारय मनी पोरना हातमा राही. तो दखाडा.”

“दाखवतो, आबा. चार कॅमेरे आहेत.”

“चार?” आबा म्हणाले. “मंग काय चिंता.”

दुपारी माइकवरून दीपालीचं नाव पुकारलं. चौथ्या पडद्यावर ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना दिसली. माझं बोट चौथ्या बटणावर गेलं. त्याच वेळी पहिल्या पडद्यावर आखाड्यात दोन मुली वाकून हाताला हात लावून उभ्या होत्या. एक धुळ्याची. दुसरी स्नेहल. आखाड्याच्या कडेला खुर्चीवर नाना, मोबाइल सरळ धरलेला. मला माहीत होतं की या वर्षी स्नेहल दुसऱ्या एका केंद्रात अर्ज करते आहे, आणि यंदा तिच्या वयाचंही शेवटचं वर्ष आहे. पंचांनीच सांगितलं होतं.

नानांकडे व्हिडिओ होणारच होता. माझी गरज नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बोट चौथ्या बटणावरून उचललं आणि पहिल्यावर ठेवलं.

चौथ्या पडद्यावर शाल आली, फेटा आला, नारळ आला. दीपालीनं नारळ घेतला आणि मान डावीकडे वळवली. ती आखाड्याकडे बघत होती. माइकवरचे आयोजक ओरडत होते, “नेटवर्कवाले भाऊ, इकडे! इकडे!” मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. पाच मिनिटं, सहा मिनिटं. पुढच्या हाकेला पुन्हा मनगट गेलं असतं, म्हणून.

सत्कार संपला. थोड्या वेळानं फोन वाजला.

“भाऊ,” रतनआबा म्हणाले, “यंदाबी पोर दखायनी नही.”

“चुकलं, आबा.”

“मशीन बंद ठेयेल व्हतं. पंधरा जन व्हतंत.” मागे मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येत होता. “ती कुस्ती कोनी व्हती? ती भुसावळनी पोर का?”

“तीच.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले. “व्यासपीठना कॅमेरामा तरी व्हयी ना? पेन ड्राइव्हवर टाकी द्या.”

मी मोटारीतून उतरून व्यासपीठाच्या कॅमेऱ्यापाशी गेलो. तिथला कॅमेरामन नवा होता, होतकरू. वरचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे आपलं चित्र जात नाही, हे त्यानं ओळखलं होतं, आणि सत्काराच्या आधीच रेकॉर्डिंग बंद करून तोही आखाड्याकडे तोंड करून उभा होता.

स्नेहलची कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली.